एकोणतीस पाइप : यावल तालुक्यातल्या एका ट्यूबवेलचं प्रकरण

आमच्या मळ्यातल्या मोटरघराच्या आतल्या भिंतीवर, स्टार्टरच्या पेटीच्या डाव्या हाताला, कोळशाने लिहिलेले आकडे आहेत. ते नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लिहिले. ट्यूबवेलमधली मोटर जळली किंवा पाणी तुटलं की ती वर काढावी लागते. लोखंडी तिपाई उभी करायची, चेनपुली लावायची आणि एकेक पाइप ओढून बाहेर घ्यायचा. मोटर परत खाली सोडताना किती पाइप लागले, तेवढा आकडा आणि वर्ष नाना भिंतीवर मांडून ठेवत. एक पाइप २० फुटांचा.

१९८७ पुढे ९ लिहिलंय. १९९३ पुढे १२, १९९९ पुढे १४. मग एक आडवी रेघ आहे, कारण २००२ साली जुनी ट्यूबवेल संपली आणि तिच्यापासून तीस फुटांवर ७०० फुटांची नवी मारली. २००३ पुढे १९. २००९ पुढे २२. २०१३ पुढे २५. २०१६ पुढे २९, आणि त्याच्याखाली नानांनी बोटाने दोनदा रेघ ओढलीय. २०२० पुढे २७ आहे, ते माझ्या हातचं.

म्हणजे एकोणतीस वर्षांत मोटर १८० फुटांवरून ५८० फुटांवर गेली. हे एका शेतकऱ्याच्या शंभर-सव्वाशे पावलांच्या तुकड्यातलं प्रकरण आहे, पण जळगाव जिल्ह्यात फैजपूर, सावदा, रावेर, यावल, कुठल्याही शिवारात जा, मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारा, तो थोड्या फरकाने हेच आकडे सांगेल. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी मोजणीत बरीच वर्षं ‘अतिशोषित’ वर्गात राहिलेले आहेत. वर्षात जेवढं मुरतं, त्यापेक्षा जास्त उपसलं जातं, असा त्याचा अर्थ. मला हे प्रकरण तपशिलात मांडायचंय, कारण आपल्याकडे पाणी खोल गेल्याचं कारण एका शब्दात सांगायची सवय लागली आहे. कोणी म्हणतं केळी, कोणी म्हणतं फुकटची वीज, कोणी म्हणतं जंगलतोड. यातलं एकही खोटं नाही, आणि एकानेही भिंतीवरचा आकडा पूर्ण उलगडत नाही.

आधी जमिनीखालचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, यांच्या मधला भाग खचलेला आहे. त्या खचलेल्या चरात तापी वाहते आणि लाखो वर्षं डोंगराचा गाळ तिथे साचत आला. हा गाळ सगळीकडे सारखा नाही. सातपुड्याच्या बाजूला तो सगळ्यात जाड, काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षाही जास्त. वर काळी जमीन, तिच्याखाली पिवळ्या चिकणमातीचे थर, आणि त्या थरांच्या अधेमधे वाळू-गोट्यांचे पट्टे. पाणी राहतं ते या वाळूच्या पट्ट्यांत. चिकणमातीतून ते सहज खाली उतरत नाही. त्यामुळे आमच्या काळ्या रानावर कितीही पाऊस पडला, तरी त्यातलं थोडंच खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचतं.

मग त्या पट्ट्यांत पाणी जातं कुठून? तर सातपुड्याच्या पायथ्यातून. डोंगरातून जोरात येणारे नाले सपाटीला लागले की त्यांचा वेग मोडतो आणि सगळ्यात जड माल, म्हणजे मोठाले गोटे आणि जाड वाळू, तिथेच पडतो. असा गोट्यांचा एक पट्टा सातपुड्याच्या पायाशी पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. भूजलवाले त्याला ‘बझाडा’ म्हणतात. हा पट्टा म्हणजे आमच्या पाण्याचं तोंड. केळीचा पट्टा म्हणजे पोट. तोंड आणि पोट यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे, आणि या प्रकरणातलं बहुतेक सगळं त्या अंतरात घडलेलं आहे.

हे ज्ञान नवीन नाही. रावेरहून पुढे गेलं की मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर लागतं. राज्याची हद्द आज मध्ये असली, तरी खानदेशच्या फारूकी सुलतानांची ती राजधानी. अकबराने १६०१ मध्ये खानदेश घेतल्यावर तिथे मोगलांचा मोठा तळ पडला आणि शहराला पाणी कमी पडू लागलं. तेव्हा १६१५ साली मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ‘कुंडी भंडारा’ बांधला गेला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून सरकणारं पाणी मध्येच अडवायचं, भुयारातून शहराकडे उताराने न्यायचं आणि वाटेत हवा-उजेडासाठी, सफाईसाठी विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या. अशा शंभरावर कुंड्या आहेत. बैल नाही, मोट नाही, पंप नाही. चारशे वर्षं झाली, ते पाणी अजून वाहतंय. मी ते पाहिलं तेव्हा मला सगळ्यात जास्त एक गोष्ट जाणवली: त्या भुयारातून येईल तेवढंच पाणी मिळतं. भुयाराच्या पातळीखालचं पाणी त्याला घेताच येत नाही. त्याची मर्यादा त्याच्या बांधणीतच आहे.

मोटेलाही अशीच मर्यादा होती. आमची जुनी विहीर ८० फुटांची, विटांनी बांधलेली. गाळाची जमीन ढासळते, म्हणून इथे विहीर बांधून काढावीच लागते. आजोबांच्या वेळी पाणी पंचेचाळीस-पन्नास फुटांवर असायचं. दोन मोटा चालत. धावेवर बैल उतरले की मोट वर येई, थारोळ्यात पाणी ओतलं जाई आणि पाटाने मळ्यात निघे. थारोळ्याचा दगड अजून आहे. सोंदूर, म्हणजे मोटेचा दोर, घासून घासून त्याच्या कडेला बोटभर खोल खाच पडलीय, तिच्यात हात घातला की गुळगुळीत लागतं. दिवसभरात अर्ध्या एकराच्या आतबाहेर भिजायचं. बैल दमले की मोट सुटायची. वैरण महाग झाली की पाण्याचा खर्च वाढायचा, हे आजोबांना कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. विहिरीत रात्रभरात जेवढं पाणी साचे, तेवढं सकाळी घ्यायचं.

पण म्हणून तो काळ पर्यावरणाच्या दृष्टीने निर्मळ होता, असं मी म्हणणार नाही. तोंडाशी, म्हणजे सातपुड्यात, तोवर बरंच काही होऊन गेलं होतं.

तापीकाठी माणसं साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ शेती करतायत. शहाद्याजवळ प्रकाशे इथे तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ मध्ये उत्खनन झालं, त्यात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. या सगळ्या काळात मैदानातलं रान तुटत आलं आणि पुन्हा वाढतही आलं. लढाया, दुष्काळ, १८०३-०४ सारखं भयंकर वर्ष, यांनी गावं ओस पडायची आणि झाडी परत शेतात शिरायची. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा पुष्कळ जमीन पडीक होती आणि वाघांचा सुळसुळाट होता. भिल्ल पलटण उभी करणाऱ्या आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ नंतरच्या दहा वर्षांत शंभरावर वाघ मारले. वाघ मारणं हे तेव्हा जमीन लागवडीखाली आणण्याचंच काम समजलं जाई.

खरा फरक पडला १८६० च्या दशकात. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमाराला रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि पुढे नागपूर-जबलपूरकडे निघाली. स्लीपरला लाकूड लागलं, इंजिनाला जळण लागलं, जिनिंगला जळण लागलं. कुरणं आणि झुडपी रानं मोडून कापूस पेरला गेला. सातपुड्यातला साग आणि अंजन खाली आला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी उरलेलं जंगल सरकारी झालं; त्यात पिढ्यानपिढ्या राहणारे तडवी, भिल्ल, पावरा लोक आपल्याच रानात परवानगीचे धनी झाले. डोंगरावरून झाडी गेली की पाऊस थांबत नाही, पण पाणी थांबायचं थांबतं. जो नाला दिवाळीपर्यंत झिरपत वाहायचा, तो पोळ्यानंतर आटतो. आणि पायथ्याच्या गोट्यांना पाणी प्यायला जो वेळ लागतो, तो वेळच मिळत नाही. नंतर १९६९ मध्ये यावल अभयारण्य झालं, तरी त्यातही पुढे तोड आणि अतिक्रमण झालंच.

तरीही आजोबांच्या विहिरीचं पाणी पन्नास फुटांवर टिकून होतं. तोंड कमी प्यायला लागलं होतं, पण पोटातून निघत होतं तेही कमीच.

मग इंजिन आलं. आमच्याकडे ते १९६२ साली आलं, डिझेलवर चालणारं, विहिरीत मध्यावर कट्टा करून बसवलेलं. त्याचा टुक-टुक आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. वीज सत्तरीत आली. १९७२ च्या दुष्काळाने सगळ्यांना एकच धडा शिकवला, की ज्याच्या विहिरीला पाणी तो तरला. विहिरी खोल झाल्या, विहिरीच्या तळातून आडवे बोअर घेतले गेले. विजेचं बिल मीटरवर न येता मोटरच्या अश्वशक्तीवर ठरू लागलं, म्हणजे मोटर चार तास चालवली काय आणि चौदा तास काय, पैसे तेवढेच. बैलाला दम लागायचा. या मोटरला दम लागत नव्हता आणि तिच्या वैरणीचा हिशेबही नव्हता.

केळी या भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वॅगनी भरून केळी उत्तरेत जायची. आमच्याकडे आधी बसराई होती, जुनी बुटकी जात, लावणीपासून कापणीपर्यंत दीड वर्ष घ्यायची. कंद लावायचे, सरीत पाणी सोडायचं, रात्री-अपरात्री बारं धरायला सालदार कंदील घेऊन उभा. १९९० च्या दशकात टिश्यूकल्चरची ग्रँड नैन आली. ती अकरा-बारा महिन्यांत निसवून कापणीला येते, घड मोठा, एकसारखा, भाव चांगला. मृगबागेची केळी लावायची जून-जुलैत, कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नवती, म्हणजे नवी लागवड, कापली की तिच्याच पिलांची पिलबाग. रान मोकळं राहीनासं झालं. या केळीनेच आमच्या भागातली मुलं इंजिनियरिंगला गेली, माझ्या बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. केळी लावणाऱ्याला दोष देणारी भाषा मला मान्य नाही. ज्याने केळी लावली, त्याने आपल्या घरासाठी योग्य तेच केलं.

ठिबकही याच काळात पसरली. ठिबकला मी विरोध करणार नाही, आजची सगळी केळी सरीच्या पाण्यावर असती तर भिंतीवरचा आकडा आणखी लवकर वाढला असता. पण ठिबक लावली की जमिनीखालचं पाणी वाचतंच, असा तिच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. तो सोडवायला मी एकदा वहीत हिशेब मांडला.

पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४२ झाडं बसतात, सतराशे धरू. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १८-२० लिटर लागतं, थंडीत आणि लहान असताना कमी. पावसाचे चार महिने सोडून उरलेल्या २४० दिवसांची सरासरी १२ लिटर धरली, तर एकराला वर्षाला सुमारे ४९ लाख लिटर पाणी जमिनीखालून येतं. आता त्याच एकरावर आपल्याकडे साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे २८ लाख लिटर. त्यातलं दहा टक्के खाली मुरलं असं धरलं, तरी २ लाख ८० हजार लिटर. म्हणजे ठिबकवरची एक एकर केळी सतरा एकरांचं मुरलेलं पाणी पिते. माझी केळी पाच एकर. मला ८५ एकरांचं पाणी लागतं, आणि माझ्याभोवतीच्या ८५ एकरांत बहुतेक केळीच आहे.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांच्या लक्षात येते. सरीत पाणी सोडायचो तेव्हा वाया जातंय म्हणून आम्ही हळहळायचो. त्यातलं काही उन्हात उडायचं, पण काही मुळांच्या खाली उतरून वरच्या वाळूच्या थरात परत जायचं, आणि शेजारच्या विहिरीत निघायचं. ठिबकने ते परतीचं पाणी बंद केलं. आणि एका मोटरवर आधी दोन एकर व्हायची तिथे पाच एकर होऊ लागली, म्हणून आम्ही तीन एकर केळी वाढवली. आमच्याच नव्हे, बहुतेक मळ्यांत हेच झालं. झाडामागे पाणी वाचलं, शिवारातून मात्र जास्त निघालं. जुन्या विहिरीत १९८४ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तळ दिसला होता. ठिबक आल्यावर तिला पुन्हा कधी पाणी लागलं नाही.

२०१६ च्या मे महिन्यात मोटर काढली तो दिवस मला नीट आठवतो. मिस्त्री आणि त्याची दोन पोरं सकाळी सहाला आली. पाइप एकामागून एक वर येत होते, शेवटचे पाच-सहा बाहेरून कोरडे, लालसर गंज धरलेले. मोटरच्या जाळीत बारीक पिवळी रेती अडकली होती. मिस्त्रीने ती अंगठ्याने काढून नानांच्या तळहातावर ठेवली. तो म्हणाला, “नाना, पानी अजून खाले गेलं. दोन पाइप वाढवा लागतीन.” नानांनी रेती चोळून पाहिली, काही बोलले नाहीत. गावातून चार पाइप मागवले. दोन लागले असते तरी मिस्त्रीने चार टाकले, म्हणाला पुढच्या वर्षी परत तिपाई नको.

त्याच पावसाळ्यात मी पहिल्यांदा पायथ्याला मुद्दाम गेलो. आमच्या शिवारातून उत्तरेला जेमतेम अर्धा तास मोटरसायकल. जुलैचा शेवट होता, डोंगरात रात्रभर पाऊस झालेला. नाल्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं. मी पाण्याच्या कडेने खाली चालत आलो. नारळाएवढे, मडक्याएवढे गोटे, त्यांच्यामधून पाणी आवाज करत चाललेलं. साधारण एक किलोमीटर गेल्यावर आवाज मंदावला, आणखी पुढे पाणी घोट्यापर्यंत आलं, आणि मग एका वळणावर ते चक्क संपलं. पुढे नुसते ओले गोटे. खाली वाकून दोन गोटे बाजूला केले तर ओली वाळू आणि तिच्यात हळूच उतरणारी पाण्याची चकाकी. आमच्या ट्यूबवेलला लागणारं पाणी तिथे, माझ्या डोळ्यांदेखत, जमिनीत शिरत होतं.

त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला दोन ठिकाणी गोटे आणि वाळू उपसलेले खड्डे होते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या. खड्ड्यांच्या तळाशी चिकट गाळ बसला होता आणि त्याच्यावर पाणी साचून उभं होतं. जिथे गोटे काढले, तिथे पाणी मुरत नव्हतं. घरं बांधायला खडी लागते, आमच्या घराच्या स्लॅबलाही लागली.

तिथल्या तडवी पाड्यावर एका घरी चहा घेतला. घरातल्या आजीने सांगितलं, पावसाळ्यात पाणी पायाखालून पळतं, उन्हाळ्यात हापशी पाऊणएक तासात एक हंडा देते. त्यांची जमीन गोट्यांची. पाणी तिच्यात थांबत नाही, म्हणून तिथे ज्वारी, तूर, मका. केळीचा एक घड नाही. सगळ्या पट्ट्याचं पाणी ज्यांच्या जमिनीतून आत जातं, त्यांच्या वाट्याला ते येत नाही, आणि ते आत जाऊ देण्याबद्दल त्यांना आजवर कोणी काही विचारलंही नाही. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत होती, काही गावांत अजून तग धरून आहे. तीन-चारशे वर्षांची ही रीत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी, कुठला यंदा पडीक, हे गाव बसून ठरवी. पाणी कमी असेल तर फड कमी. वाटप बघायला गावाने नेमलेली माणसं. वर धरणं झाली, फडाच्या जमिनीत विहिरी आणि मोटरी आल्या, आणि ज्याच्या विहिरीत पाणी त्याला गावाच्या बैठकीची गरज उरली नाही. फड मोडण्याचं कारण लोक स्वार्थी झाले असं सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. बंधाऱ्यावरचं पाणी सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याचा नियम करता येतो. जमिनीखालचं पाणी कोणालाच दिसत नाही; माझ्या मोटरने शेजाऱ्याचं किती ओढलं, हे मला कळत नाही आणि त्यालाही सांगता येत नाही.

कायदा आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि अधिसूचित क्षेत्रात अशा विहिरींना बंदी घालण्याची तरतूद आहे. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. आमच्या भिंतीवर ही खोली १९९३ सालीच ओलांडलेली आहे. कायदा येईपर्यंत त्या खोलीवर पाणीच उरलं नव्हतं.

उपाय काय काय झाले, तेही सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून साखळी बंधारे बांधले आणि गाळाच्या भागात कोरड्या पडलेल्या विहिरींमध्ये थेट पाणी सोडलं. चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तर तो भेदून पाणी खाली पोचवायचं, हा त्यामागचा विचार आणि तो इथल्या जमिनीला लागू पडणारा आहे. पुढे राज्यभर त्याची नक्कल झाली ती मात्र जमीन न बघता, जेसीबी बघून. वाळूचा नाला खोल करून त्याची वाळूच काढून टाकणं म्हणजे मुरायची जागा घालवणं.

आम्हीही २०१७ मध्ये आजोबांच्या विहिरीत पुनर्भरण केलं. नाल्याचं पाणी आधी एका खड्ड्यात घ्यायचं, तिथे मोठे गोटे, मग खडी, मग वाळू, आणि तिथून पाइपने विहिरीत. पहिल्या पावसात रात्री दोनला बॅटरी घेऊन गेलो. कित्येक वर्षं कोरड्या असलेल्या विहिरीत पाणी पडण्याचा आवाज कसा येतो, ते शब्दांत सांगता येणार नाही. घुमल्यासारखा, खालून कोणी हाक दिल्यासारखा. दुसऱ्या वर्षी खड्ड्यातली वाळू गाळाने बंद झाली. आता दर मे महिन्यात ती काढून, धुऊन परत भरतो. एक काळजी घेतो, केळीच्या रानातून निघालेलं पाणी तिच्यात घेत नाही, कारण त्यात खत आणि फवारणीचं औषध असतं. एकदा ते खाली गेलं की काढता येत नाही. या भरणीने ८० फुटांवरचा वाळूचा थर ओला झाला, बाजूच्या दोन विहिरींना थोडं पाणी आलं. ५०० फुटांवरच्या थरापर्यंत मात्र ते पोचत असेल असं मला वाटत नाही. मध्ये चिकणमाती आहे. २०२० चे २७ पाइप हे माझ्या खड्ड्यामुळे नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, पाऊस चांगला झाला, डोंगरातले नाले लांबपर्यंत चालले. तोंडाला पाणी मिळालं की पोट भरतं, हे त्या दोन पाइपांनी दाखवलं.

याच तत्त्वावर मोठी योजनाही आहे. मेळघाटाच्या कडेला खारिया-गुटीघाटजवळ तापीवर बंधारा बांधून पुराचं पाणी दोन्ही तीरांच्या कालव्यांनी बझाडा पट्ट्यात सोडायचं आणि तिथे मुरवायचं. तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजना असं तिचं नाव. सुमारे ३१ टीएमसी, म्हणजे ३१ अब्ज घनफूट, पाण्याची. आधी तिथे धरणाचा बेत होता, त्यात व्याघ्र प्रकल्पाचा भाग बुडणार होता, म्हणून आराखडा बदलला. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. मला या योजनेबद्दल मनापासून आशा आहे, कारण ती पाणी योग्य जागी द्यायचं म्हणते, पोटात नव्हे, तोंडात. माझी भीती दुसरी आहे. ठिबक आली तेव्हा वाचलेलं पाणी आम्ही तीन एकर केळीत घातलं. मुरवलेलं पाणी आलं तर त्याचं काय करणार, हे पट्ट्यातल्या एकाही गावाने अजून बसून ठरवलेलं नाही. आणि कालवा ज्या गोट्यांच्या पट्ट्यातून जाईल, त्या पाड्यांना त्यातलं किती, हाही प्रश्न आहेच.

यंदाच्या मे महिन्यात मोटर पुन्हा जळली. नाना आता मळ्यात येत नाहीत. त्यांना फोनवर आकडा हवा होता. २८ लागले. पुतण्याने कोळसा शोधला, मिळाला नाही, म्हणून मार्करने लिहिलं.

पाचपैकी दोन एकरांत मी यंदा कांदेबाग लावणार नाही. पावसाळ्यात मका आणि त्यावर हरभरा. पैशात मोठा फरक पडेल, घरी तो मांडून दाखवला, सगळ्यांना पटला असं नाही. आमच्या बांधाला लागून आठ जणांच्या ट्यूबवेल आहेत. जूनमध्ये एका संध्याकाळी सगळ्यांना मोटरघरात बोलावलं, भिंत दाखवली, वहीतला सतरा एकरांचा हिशेब सांगितला. पुढची पाच वर्षं कोणी नवीन ट्यूबवेल मारायची नाही आणि प्रत्येकाने केळीचं एक एकर कमी करायचं, एवढंच माझं मागणं होतं. एक एकराचं कोणी कबूल केलं नाही. नवीन ट्यूबवेल नको, याला सात जण हो म्हणाले. आठवा गप्प बसून होता. शेवटी म्हणाला, “दादा, तुमच्या ट्यूबवेलला पाणी आहे. माझी मार्चमध्ये गेली.” त्याची साडेतीन एकर नवती उभी आहे, सोसायटीचं कर्ज आहे, दिवाळीनंतर मुलीचं लग्न आहे. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. त्याची बोअरची गाडी पुढच्या आठवड्यात येतेय. त्याच्या रानाला दुसरा रस्ता नाही, ती आमच्याच बांधावरून आत जाईल. कडेची तीन केळी काढून मी तिला वाट करून ठेवली आहे.